चोट्ट्यांचा तलाव

रविवार, १५ डिसेंबर १९६३. सावरखेडी

काल चिखलीच्या डॉक्टरांनी माझे बोलणे एक महिना बंद केले, म्हणून लिहावे लागत आहे. घशात दोन बारीक गाठी निघाल्या. "तीस वर्षे वर्गात ओरडलात, आता कुजबुजायचेसुद्धा नाही," असे म्हणाले. मी कधीही ओरडले नाही. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवला, एवढेच. पण हे त्यांना सांगण्याआधीच बंदी सुरू झाली होती.

बंदी अगदी नको त्या वेळी आली. येत्या रविवारी प्रवाशांची पहिली तुकडी येते आहे.

दरवर्षी थंडीत आमच्या गावच्या तलावावर हजार-दोन हजार करकोचे उतरतात. रात्री उथळ पाण्यात उभे राहतात, पहाटे शेतात चरायला जातात. पण पाणी ओसरले की गाव तलावाच्या उघड्या बुडात पेरणी करते आणि मग दिवसभर गोफणी चालतात. मुलींच्या शाळेतून निवृत्त होऊन मी बुलढाण्याहून इथे धाकट्या भावाकडे राहायला आले, तेव्हा हे पाहून मला राग आला. भाऊ पंजाबराव गावचा सरपंच आहे. त्याला मी म्हटले, यंदा बूड पेरायचे नाही; लोणार पाहायला येणारी मंडळी मी इकडे वळवते, पाखरे दाखवते, गावाचे नाव होईल.

तो म्हणाला, "अक्का, तुह्या शब्दाखातर संक्रांतीपावतर थांबतो. मंग पंचायत बसन. लोकं आले, खुश होऊन गेले, त तलाव पाखराईचा. नाई त टरबुजाच्या वाड्या टाकू."

मी बेचाळीस पोस्टकार्डे पाठवली. तीन तुकड्या ठरल्या. सतरा पानांचे व्याख्यान तयार आहे. आता ते द्यायला तोंड नाही.

गळ्यात शिटी बांधली आहे. एक शिटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे बोला. बाकीचे पाटीवर लिहीन. व्याख्यान शाळेचे वामनराव मास्तर वाचतील.

रविवार, २२ डिसेंबर

पहिली तुकडी: अकोल्याचे शिक्षक, सपत्नीक, एकूण चौदा जण. सकाळी सव्वासहाला सर्वांना धरणाच्या भिंतीवर सतरंज्यांवर बसवले. पाखरे समोर पाण्यात होती. तीन शिट्या दिल्या आणि वामनरावांनी वाचायला सुरुवात केली.

मंडळी सभ्य. वाचणाऱ्याकडे तोंड करून बसली. वामनराव तलावाकडे पाठ करून उभे. मी व्याख्यानाची प्रत हातात धरून ओळीवर बोट ठेवून होते. चौथ्या पानावर, 'पक्ष्याच्या मानेची ठेवण' इथे, खालून कोणीतरी बाई ओरडली:

"अवो बाई! तुमचा मास्तर वाचूनच राह्यला अन् चोट्टे त उडून गेले की!"

वर पाहिले तर पाणी मोकळे. चौदा जणांपैकी एकानेही एक पंख पाहिला नव्हता. एक बाई तर झोपल्या होत्या.

ओरडणारी बाई भिंतीखाली गवत कापत होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, काळी, उंच, कमरेला गोफण. तिला पाटीवर लिहून दाखवले: 'परत केव्हा येतील?' तिने पाटी उलटीसुलटी पाहिली आणि मला परत दिली. "मले वाचता नाई येत बाई, तोंडानं बोला." मी गळ्याकडे बोट दाखवले. "मुक्या हायेत काय?" तिने वामनरावांना विचारले, आणि त्यांनी नको तितका वेळ विचार करून "सध्या" असे उत्तर दिले.

मग तीच प्रवाशांना म्हणाली, "बसा. शिदोऱ्या सोडा. अकरा वाजता येतात चोट्टे. पोट भरलं की तहान लागते, मानसावाणीच."

अकराला पाच मिनिटे कमी असताना आले. शिक्षकांच्या हातात भाकरी तशीच राहिली.

सोमवार, २३ डिसेंबर

चौकशी केली. नाव झुंबरबाई. विधवा. तीस वर्षे दर हिवाळ्यात तलावाच्या बुडातल्या पिकाची राखण करते, म्हणजे करकोचे हाकलते. यंदा पेरणीच नाही म्हणून तिला काम नाही.

पंजाबराव म्हणाला, "तूच त काढलं तिचं काम, अक्का."

हे मला कोणी आधी सांगायला हवे होते. वामनरावांना तिच्याकडे पाठवले: उद्यापासून कामावर यावे, मजुरी राखणीचीच, काम पाखरे दाखवण्याचे. तिने निरोप धाडला, "हाकलाची मजुरी घेत होते, आता बलवाची घेऊ? बरं, येते."

मंगळवार, २४ डिसेंबर

हे सगळे मी कशासाठी आरंभले असे आज पंजाबरावाने विचारले. पाटीवर 'विद्यार्थ्यांच्या ज्ञानात भर' असे लिहिले. ते खरे आहेच. इथे आणखी एक गोष्ट नोंदवते.

१९२९ साली नागपूरच्या कॉलेजातून आमची सहल रत्नागिरीला गेली होती. तिथल्या एका तांडेलाने आम्हाला होडीतून समुद्रात नेले. पौषात त्या पाण्यातून देवमासे जातात आणि तो ते दाखवतो, असे समजले होते. तास-दीड तास काही नाही. मग तांडेलाने एकाएकी वल्ही थांबवली. मी वहीत दिनांक आणि वाऱ्याची दिशा लिहीत होते. सगळ्यांच्या तोंडून एकदम 'आऽ' निघाला. मान वर केली तेव्हा पाण्यावर फेसाचे मोठे वर्तुळ होते, बाकी काही नाही. परतताना सगळ्या मुली हसत होत्या, एक तर रडत होती. तांडेलाने पूर्वसूचना द्यायला हवी होती, असे मी तेव्हा वहीत लिहिले आणि आजही माझे तेच मत आहे.

गुरुवार, २६ डिसेंबर

झुंबरबाईचे शिक्षण सुरू केले. मला बोलता येत नाही, तिला वाचता येत नाही, मध्ये वामनराव. मी लिहिते, ते वाचतात, ती उत्तर देते, ते उगाच पुन्हा मला सांगतात. मला ऐकू येते हे त्यांच्या लक्षात राहत नाही.

पहिला धडा: 'चोट्टे' म्हणायचे नाही, 'करकोचे' म्हणायचे.

"चोट्ट्याईले चोट्टे नाई म्हनाचं त काय म्हनाचं? हरभरा चोरतात ना?"

दुसरा धडा: करकोचे कुठून येतात. वामनरावांनी माझे सहावे पान वाचले. हिमालयाच्या पलीकडून, बर्फावरून, हजार-दीड हजार मैल. ती गवताची काडी चावायची थांबली.

"येवढ्या दुरून? हरभरा खायले?"

"हो," वामनराव म्हणाले.

"अन् इथी मी दगड घिऊन उभी." काडी फेकून दिली. म्हणाली, "बाप्पा, दोन घाटे खाऊ देले असते त काय बिघडलं असतं कोनाचं."

शिटीच्या खुणा पाठ झाल्या. एक शिटी दिली तरी ती थांबत नाही, हा दोष आहे.

रविवार, २९ डिसेंबर

दुसरी तुकडी, मलकापूरची, एकोणीस जण. वामनरावांना आज सुट्टी दिली.

झुंबरबाईने लोकांना माझ्या सतरंज्यांवर बसू दिले नाही. भिंतीखाली बोरीच्या आडोशाला, वाऱ्याच्या अलीकडे बसवले. "लाल लुगडंवाली बाई मांगं बसा. भाऊ, तुमचा टोपा पांढराशुभ्र हाय, काढा. टक्कल चमकते? मंग राहू द्या टोपा." लोक हसले. मी एक शिटी देणार होते, पण शिटीने पाखरे बिचकतील म्हणून दिली नाही.

मग हलक्या आवाजात: "थो पाहा, कडेचा. मान उभी. थो खात नाई, पेत नाई. सगळ्याईची राखन करते. घडीभरानं दुसरा येईन, मंग हा खाईन. आमच्यात असं नाई. आमच्यात राखन करनाराले कोनी बदली नाई देत."

एका गृहस्थाने पक्ष्याचे शास्त्रीय नाव विचारले. मी उत्सुकतेने पाटीवर लिहायला घेतले, पण तोवर झुंबरबाई म्हणाली, "नाव पुसून काय करता भाऊ, थो काय हाक मारल्यावर येनार हाय?" गृहस्थांना ते पटले. मी पाटी पुसली.

शेरेबुकात एकोणीस शेरे. अठरांत 'चोट्टे' हा शब्द आहे.

रविवार, ५ जानेवारी १९६४

नोंदवण्यासारखी बाब: आज सकाळी आंघोळीचे पाणी जास्त तापले होते, तेव्हा तोंडून "अगं बाई" असे स्पष्ट निघाले. आवाज परत आला आहे. थोडा जाड, पण माझाच.

तिसरी तुकडी साडेदहाला यायची होती. व्याख्यान देता आले असते. परंतु डॉक्टरांचा महिना तेराला पुरा होतो, आणि नियम तो नियम. शिवाय झुंबरबाईने नुकतीच सुरुवात केली होती, मधूनच तोडणे बरे दिसले नसते. ती दोन तास बोलली. मी बोरीला पाठ टेकून बसले. मंडळी पाण्याकडे पाहत होती, मीही पाहिले. पाखरे नाचतात. एक जण पंख पसरून उडी मारतो, समोरचा वाकतो, मग दोघे मिळून उगाच उड्या मारतात. व्याख्यानात याबद्दल एकच वाक्य आहे, आणि ते चुकीचे नाही, पण.

दुपारी भाकरी आणि ठेचा. झुंबरबाई म्हणाली, "बाई, तुमी हासल्या की वेगळ्याच दिसता." मी एक शिटी दिली.

शुक्रवार, १० जानेवारी

जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचे पत्र आले. रविवारी मेहकरला जाताना आठ वाजता इथे थांबतील, पाऊण तास. पाखरे पाहून काय तो शेरा लिहितील.

पंजाबरावाने स्वच्छ सांगितले, "अक्का, बुधवारी पंचायत हाय. टरबुजाच्या वाड्या मांगनारे सात जन हायेत, मी एकटा किती थोपवू? साहेबाचा शेरा चांगला आला त कोनी तोंड नाई उघडनार. साहेबानं नुसतं पानी पाह्यलं, त संपलं."

झुंबरबाईला सांगितले, म्हणजे वामनरावांकरवी. वाड्या झाल्या तर तिला राखणीचे काम परत मिळेल, हेही सांगायला लावले. लपवणे योग्य नव्हते.

ती म्हणाली, "मले काय कयत नाई काय थे?" आणि बोरीचा आडोसा दाट करायला निघून गेली.

रविवार, १२ जानेवारी

सविस्तर लिहिते.

पावणेआठला झुंबरबाई आणि मी आडोशाला होतो. गारठ्यामुळे पाखरे अजून चरायला गेली नव्हती, काठाच्या गाळातच होती, इतकी जवळ की चोचीचा आवाज यावा. गार, स्वच्छ सकाळ, वारा आमच्या तोंडावर. आठच्या ठोक्याला साहेबांची जीप वेशीजवळ दिसली आणि त्याच क्षणी वेशीत डफडी वाजू लागली.

साधीसुधी नव्हेत. सहा डफडी, दोन सनया, पाठोपाठ शाळेच्या मुलींचे लेझीम. साहेबांना वेशीपासून तलावापर्यंत वाजतगाजत आणायचा बेत होता. तो गावभर माहीत होता आणि मला नव्हता.

मी धावले. सत्तावन्नाव्या वर्षी लुगड्याचा ओचा हातात धरून भिंतीवरून धावले आणि ओरडले, "बंद करा! पंजाब! बंद कर ते!"

मागच्या बाकापर्यंत नव्हे, वेशीपर्यंत आवाज पोचला. डफडी थांबली. लेझीम थांबले. "अक्का बोलली!" असे पंजाबराव ओरडला आणि आनंदाने त्याने पुन्हा वाजवायची खूण केली. पुन्हा सगळे सुरू झाले.

मागे वळून पाहिले. पाण्यावरून सगळा थवा उठला होता. भिंतीवर उभी राहून मी त्यांना लहान लहान होताना पाहिले. साहेब गळ्यात दोन हार घालून आले, कपाळाचा गुलाल पुसत म्हणाले, "कुठे आहेत?" मी आभाळाकडे बोट दाखवले.

झुंबरबाई खालून चढून आली. ती तलावाकडे पाहतच नव्हती. तिने मूठभर माती वर उडवून वारा पाहिला.

"डफडं उगवतीकून वाजलं," ती स्वतःशी म्हणाली. "वारा खालून. नदीवर नाई जात. नदीवर आज धुनं असते." मग साहेबांना, "साहेब, पायी चालता काय? पाव कोस. जीप नका आनू."

"पण तुम्हाला काय माहीत ते कुठे गेले?"

"तीस वर्सं मीच हाकललं ना त्याईले. हाकलल्यावर कुठी जाऊन बसतात थे मले नाई त कोनाले ठाऊक असन?"

तुरीतून एका ओळीत चाललो. पुढे ती, मग साहेब, मी, मागे पंजाबराव, हातात नारळ. गावातल्या उकंडरावांच्या हरभऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिने आम्हाला खाली बसवले. शेतात थवा उतरलेला. शेताच्या मध्ये उकंडराव गोफण फिरवत उभे.

झुंबरबाईने धुऱ्यावरूनच हात वर केला. "उकंडराव! हात खाली. पाहुने हायेत."

"कोनते पाहुने, झुंबरबाई? हे काय थे?" म्हाताऱ्याने गोफणीने एकदा आमच्याकडे आणि एकदा करकोच्यांकडे दाखवले.

"दोनीबी. अन् थे जास्त दुरून आले. हिमालयाच्या पल्याडून."

"कोन म्हन्ते?"

"बाईच्या कागदात हाय. सहाव्या पानावर."

उकंडरावांनी शेतावरून नजर फिरवली. स्वतःचा हरभरा, पोटरीइतका, घाट्यांनी भरलेला. मग गोफण खांद्यावर टाकून ते जागेवरच बसले. "पाव घंटा," म्हणाले. "त्यावर नाई."

पाव तास दोन हजार पाखरांनी उकंडरावांचा हरभरा खाल्ला. उन्हात त्यांची पाठ राखेच्या रंगाची दिसते, मानेखालची काळी पिसे वाऱ्याने हलतात. कडेचा राखणदार आमच्याकडे पाहत होता. साहेबांनी घड्याळ पाहिले नाही. पंजाबराव नारळ छातीशी धरून आ वासून बसला होता. याच गावात जन्मून त्याने पाखरे बसलेली जवळून कधी पाहिली नव्हती, कायम हाकललेलीच पाहिली.

मग झुंबरबाई उठली. "झाला पाव घंटा. उकंडरावाचं पोट हाय अजून भराचं." कमरेची गोफण सोडली, दगड न घालता नुसती फिरवली आणि सटकन वाजवली. "उठा रे चोट्टे हो!"

सगळे एकदम उठले, आमच्या डोक्यावरून. वाऱ्याने माझा पदर खाली आला. साहेब उभे राहिले, गळ्यातले हार तसेच, तोंड आभाळाकडे. आणि मी 'आऽ' असे म्हटले. सगळ्यांसारखे, मोठ्याने.

शेरेबुक बरोबर होते. साहेबांनी पाऊण पान लिहिले. त्यातले शेवटचे: 'पाखरे दाखवणाऱ्या बाई आणि आपले पीक पाव तास खाऊ देणारा शेतकरी, हे दोन्ही याच तलावावर पाहायला मिळाले. तलाव असाच राहावा.'

संध्याकाळी पंजाबरावाला जाब विचारला. तो म्हणाला, "साहेबासाठी नव्हतं गं डफडं. तू शाळंतून रिटायर झाली तवा कोनी एक हार नाई घातला तुले. म्हटलं एक डाव वाजलं पाह्यजे." खुलासा समाधानकारक नाही. डफडी मात्र चांगली वाजवत होते.

मंगळवार, १४ जानेवारी

तिळगूळ देताना प्रत्येकाने मला 'गोड बोला' म्हणताना जरा जास्तच जोर दिला.

बुधवार, १५ जानेवारी

पंचायत बसली. मला आत बोलावले नाही. मी खिडकीखाली उभी होते. वाड्या मागणाऱ्या सातांपैकी पाच जण आपण होऊन उठून गेले. उरलेल्या दोघांना उकंडराव म्हणाले, "माह्या हरभऱ्यात बसू देले मी, तुमाले नुसत्या गाळाची काय पडली?" ठराव झाला. तलावाचे बूड हिवाळ्यात पेरायचे नाही, वाड्यांनाही द्यायचे नाही. पाखरे दाखवण्याचे काम झुंबरबाईकडे, कायम.

बातमी सांगायला मीच गेले. ती भाकरी थापत होती. "म्हंजी आता मी कोनालेच हाकलाचं नाई?" म्हणाली. हसली, मग डोळे पुसले, मग मला म्हणाली, "बसा, जेवून जा. आता बोलता येते, त मीठ कमी झालं त सांगा."

मीठ बरोबर होते.

रविवार, २ फेब्रुवारी

वरवट बकालला मुलींचा वर्ग सुरू होतो आहे. तो उभा करायला मला बोलावले आहे. आवाज पुरेल असे डॉक्टर म्हणाले. उद्याच्या एस.टी.ने निघते. हंगामाचे अजून चार आठवडे आहेत आणि सहा तुकड्या ठरल्या आहेत. आज दुपारी धरणाच्या भिंतीवर, पंजाबराव आणि उकंडराव यांच्या समक्ष, झुंबरबाईच्या स्वाधीन केले ते असे:

दुर्बीण एक, कातडी पिशवीसह. डावी काच थोडी धूसर.

शिटी एक. 'हे कशाले?' असे तिने विचारले. तरी दिली.

सतरंज्या दोन.

शेरेबुक एक, भरलेली पाने अकरा. वाचून दाखवण्यास वामनराव.

पंचायतीच्या ठरावाची शिक्क्याची नक्कल एक. ही तिने पदरात बांधली.

ठरलेल्या तुकड्यांची पोस्टकार्डे सहा. तारखा तिला पाठ आहेत. माझी एक चुकली होती, ती तिने सुधारली.

तलाव, भिंतीपासून पलीकडच्या बाभळीपर्यंत, बूड न पेरलेले.

करकोचे. आकडा लिहावा म्हणून मोजायला बसलो. चारशेपर्यंत माझे आणि तिचे जुळले. तेवढ्यात आणखी थवा उतरला, त्यामागे आणखी एक. "लिहा बाई, येऊन राह्यले," ती म्हणाली. तसे लिहिले.

देणार: सही. घेणार: अंगठा.